थोरल्याला भरवलेला ढग

धुरपाचं कुणी ऐकलंच नाही. बोलून बोलून बाईचा घसा सुकला, पण ऐकायला समोरच्याला कान हवेत.

ही गोष्ट आपला सूर्य जन्मायच्याही आधीची. आभाळात एक काळाकुट्ट, गारठलेला ढग होता. पावसाचा नव्हे, नुसता वायू आणि धूळ. त्यात एक गाव राहायचं. घरटी एकच काम: पसापसा ढग गोळा करायचा, वळायचा, दाबायचा. गोळा वाढला की स्वतःच्याच भारानं आत दबायचा, दबला की तापायचा, पुरता तापला की पेटून तारा व्हायचा. ज्यानं त्यानं आपला गोळा आपण वळायचा, अशी रीत.

धुरपाची धाकली, म्हणजे तिचा छोटा गोळा, अजून कोमटच होती.

एकदा काळोख फार दाटला. गाव भ्यालं. कारभारी अंबरोजी म्हणाला, की छोटे गोळे पेटायची वाट बघत बसलो तर गोठून मरू. सगळ्यांचा ढग एकाच गोळ्यावर चढवा. तो गोळा त्याचा स्वतःचा थोरला होता.

धुरपा उठली. "जेवढा मोठा, तेवढा लवकर जळून जाईल. आणि पेटला की बाकीचे कच्चे गोळे उधळून लावील."

"वहिनी, तुमच्या धाकलीवर चिलीमसुद्धा पेटायची नाही," अंबरोजी म्हणाला.

लोक हसले. भ्यालेली माणसं लवकर हसतात. ओंजळी भरभरून त्यांनी थोरल्याला ढग चारला. धुरपानं धाकलीला पदराखाली घेतलं आणि ढगाच्या सगळ्यात दाट, काळ्या घडीत जाऊन बसली.

थोरला पेटला. निळा-पांढरा, डोळे दिपवणारा. आधी सगळ्यांनी हात शेकले. मग त्याच्या झळांनी घरं विरू लागली. कच्चे गोळे भुशासारखे उडाले. एक आई रिकामी ओंजळ घेऊन धुरपाकडे आली. धुरपानं तिला आत ओढून घेतलं.

थोरला स्वतःलाच जाळत सुटला होता. सरता सरता तो फुगला, लाल झाला, आतून थरथरू लागला. अंबरोजी आता हात जोडून विनवत होता, की जरा दमानं घे.

"दम धरायला मला शिकवलं कुणी, बाबा?" थोरला म्हणाला. "तुम्ही नुसतं भरवलंत."

आतला जाळ संपला. थोरला आतल्या आत कोसळला आणि फुटला. गाव पांगलं, अंबरोजीही दिसेनासा झाला.

त्या दणक्यानं धुरपाची घडी घट्ट आवळली गेली, आणि पदराखाली धाकली पेटली. लहानशी, पिवळी, सावकाश जळणारी. थोरल्याची राख तिच्याभोवती फिरत राहिली.

वाचले ते त्या उजेडात थोरल्याला शिव्या घालू लागले.

लहानांनो आणि त्यांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: भीतीपोटी सगळं एकाच्याच पोटात घातलं, की तोही जळतो आणि गावही.

"चूक थोरल्याची होती का?" शिव्या ऐकून धाकलीनं विचारलं.

रिकाम्या ओंजळीची ती आई तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"नाही गं, बाई. अंबरोजीची."