मोहोळाचा एक थेंब

फार पूर्वी, रानात अस्वलं कर गोळा करत तेव्हाची गोष्ट. पोरक्या पिल्लांसाठी प्रत्येक घराने रोज थेंबभर मध द्यायचा. चिमुकला शिंजीर पक्षी तो देऊन अर्धपोटी निजे. भलंमोठं मोहोळही थेंबच देई. "आमचंही घर एकच की!" राणीमाशी म्हणे.

एका उन्हाळ्यात मध पुरेना, पिल्लं रडू लागली. अस्वल खवळलं, "मोहोळच पाडतो!"

"नको, अस्वलदादा!" शिंजीर म्हणाला. "अळ्यांचा भाग राहू दे, मधाचा तेवढा काप. माश्याच उडून गेल्या तर उद्या मागशील कुणाकडे?"

अस्वलाने तसंच केलं. उन्हात सोनेरी धार लागली, ती थांबेचना.

"अगंबाई, एवढा होता?" राणीमाशीही पुटपुटली.

शिंजिराने सवयीने आपला थेंब पुढे केला. अस्वलाने त्यातला निम्मा त्याच्याच चोचीत परत सोडला.