शंभरातील एक बरणी

एकदा एका राजाने असा नियम केला की, परीक्षा दिल्यावाचून कोणी औषध विकू नये. वैद्य लिहून देईल ते औषध रोग्याच्या हाती देणाऱ्याला अचूक ओळखता आले पाहिजे. परीक्षा वर्षातून एकदाच होई. नावे न लिहिलेल्या शंभर बरण्या मांडलेल्या असत. त्यांतल्या सत्तर ओळखल्या की परवान्यावर राजमुद्रा उमटे. परीक्षक होते एक वृद्ध आचार्य.

त्यांचीच शिष्या भागीरथी त्या वर्षी परीक्षेला बसली. डोंगरापलीकडच्या तिच्या गावात औषधाचे दुकान नव्हते. तिची आई तापाने गेली ती शहराच्या वाटेवरच. सहा वर्षे ती मान मोडून शिकली होती. गावाने दुकानासाठी एक खोली सारवूनही ठेवली होती. भागीरथीने नव्व्याण्णव बरण्या बिनचूक ओळखल्या. एका बरणीत मात्र ती चुकली. बचनागाच्या मुळीला ती अतिविष म्हणाली. दोन्ही मुळ्या दिसायला सारख्या; पण अतिविष तान्ह्या मुलांनाही देतात आणि बचनाग हे जहाल विष.

आचार्यांनी मुद्रा पेटीत ठेवून दिली. "पुढच्या वर्षी ये."

"पण आचार्य, सत्तर पुरतात ना? नियमच आहे तसा."

"आहे," एवढेच बोलून ते उठले आणि चालू लागले. भागीरथी रडू आवरत मागोमाग गेली.

विणकरांच्या आळीत एका घराच्या पायरीवर आचार्य बसले. आत माग चालू होता. विणकराने मान वर करून पाहिले आणि पुन्हा धोटा फेकला. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. त्याची बायको दारातूनच आत वळली. बऱ्याच वेळाने आचार्य उठले.

आळीच्या टोकाशी भागीरथीने विचारले, "हे कोण?"

"यांना दोन वर्षांचा मुलगा होता. तापात जुलाब लागले म्हणून वैद्याने अतिविष लिहिलं. मी बचनाग दिला. माझ्या परीक्षेत मला शहाण्णव आले होते. लोकांनी हार घातले. चुकलेल्या चार बरण्या कोणत्या, हे मी कुणाला विचारलंसुद्धा नाही. त्यांतली एक अकरा वर्षं गप्प राहिली, मग या घरात आली. सत्तराचा नियम आपल्यासाठी आहे, मुली. रोग्याच्या हातात एकच पुडी पडते."

"आणि या वर्षात माझ्या गावी औषधावाचून कोणी गेलं तर?"

"तर तेही माझ्याच माथी," आचार्य म्हणाले.

त्या वर्षी गावात एक म्हातारा गेला, आणि कुंभाराची बाळंतीण सून गेली. दोन्ही निरोप भागीरथीने ऐकले आणि पुन्हा मुळ्या हुंगायला बसली.

पुढच्या परीक्षेत तिने शंभरही ओळखल्या. आचार्यांनी मुद्रा उमटवली. तिला आनंद झाला नाही. पण ती मुद्रा वर्षभर का मिळाली नाही, हा प्रश्नही आता तिच्या मनात उरला नव्हता. तिने वाकून नमस्कार केला.

"आचार्य, कुंभाराची ती सून..."

"घर दाखव," आचार्य म्हणाले आणि त्यांनी काठी उचलली.

परवान्यावरची शाई वाळण्याआधीच दोघे डोंगराच्या वाटेला लागले.