नावेचं दार

खोऱ्यात रस्ता नव्हता त्या काळी भात, मीठ, नव्या नवऱ्या, सगळं कालव्यातून नावेनंच यायचं. ती नाव भिवा सुतारानं बांधली होती. पुढे रस्ता झाला, कालवा गाळानं भरला आणि नाव काठावर पडून राहिली.

एके दिवशी शाळेच्या दारासाठी लाकूड काढायला म्हातारा भिवा तिच्यापाशी आला. त्याच्या हातातला लाकूड तासायचा वाकस रडवेला होऊन नावेला म्हणाला, "तुला मीच तासून घडवलं. आता मीच कसं तोडू?"

नाव म्हणाली, "इथं एकटी कुजण्यापेक्षा माणसांच्या जाण्यायेण्यात राहू दे मला."

दार झालं. पण पावसाळ्यात ते फुगून चौकटीत अडायचं. मास्तर म्हणाले, "भिवाबाबा, जरा तासून द्या."

भिवानं फळ्यांवरून हात फिरवला. "राहू द्या, मास्तर. पाऊस लागला, की तिला अजून निघावंसं वाटतं."