शिवेवरचं जातं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची? तर आज गावात सगळ्यांत म्हातारा असलेला माणूस तेव्हा पाळण्यात होता. तरी तो ही गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतो. आता ऐका.

डोंगरमाथ्यावर, तांबड्या जांभ्याच्या सपाट कातळावर, म्हणजे सड्यावर, दोन गावं होती, आंबेखोल आणि धामणशेत. मधे एक झरा होता. चैत्रात विहिरी तळाला जायच्या, पण हा झरा करंगळीएवढ्या धारेनं वाहतच राहायचा. शिवेचा दगड त्याच्या आसपासच कुठेतरी होता. एका वर्षी दरड कोसळली, दगड घळीत गेला, आणि दोन्ही गावांना एकाच दिवशी आठवलं की झरा पहिल्यापासून आपलाच आहे. आधी शिव्या झाल्या, मग काठ्या निघाल्या, मग डोकी फुटली. शेवटी मामलेदारानं येऊन बजावलं, "अक्षय तृतीयेपर्यंत शीव कुठली ते दाखवा. नाहीतर झऱ्याला तारेचं कुंपण घालतो. मग कुणीच पाणी भरायचं नाही."

शीव दाखवणार कशी? जुनी माणसं सांगायची, की शिवेचा दगड रोवताना दोन्ही गावं मिळून त्याखाली कोळसे आणि तांब्याची नाणी पुरतात. दगड जातो, नाणी जागा सोडत नाहीत. पण त्या जागेवर दरडीची माती बसलेली. एवढा मोठा सडा कोण उकरणार?

तेव्हा सुभाना उठला. आंबेखोलचा हा माणूस मोठ्या लढाईत वाळवंटातले सुरुंग शोधायच्या कामावर होता. लढाई संपली, छावणीतलं सामान भंगारात निघालं, तेव्हा त्यानं सुरुंग शोधायचं यंत्र विकत घेऊन घरी आणलं होतं. लांब दांडीला ताटाएवढी चकती, पाठीवर बॅटरीची पेटी आणि कानाला लावायचे दोन डबे. चकतीखाली धातू आला की कानात आवाज यायचा. गावानं त्याला वेड्यात काढलं होतं. "माणसं लढाईवरनं पेन्शन आणतात, ह्यानं ताट आणलं," म्हणायचे.

सुभानाला झऱ्याची काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी घरात होती. त्याची बायको हौसा धामणशेतची लेक. भांडण पेटल्यापासून तीन वर्षं तिनं माहेरचा उंबरा पाहिला नव्हता. आई अंथरुणाला खिळलेली, आणि हौसा अंगणात उभी राहून पलीकडच्या छपरातून निघणारा धूर बघायची. धूर दिसला की म्हणायची, "हाय. अजून हाय." 

फाल्गुन सरता सरता त्यानं चकती जमिनीला लावली. पहिले आठ दिवस यंत्र पावलोपावली ओरडलं. बैलांचे नाल, वहाणांचे खिळे, मोडलेले फाळ. सुभानानं एकेक उकरून काढलं आणि पाटीत टाकलं. वरचं लोखंड हटल्याशिवाय खालचं तांबं बोलणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. असं म्हणतात, की त्या आठ दिवसांत अकरा पाट्या लोखंड निघालं. मी म्हणतो चार निघालं असेल. तरी एका माणसानं ओणवं राहून काढलं, हे विसरू नका.

नवव्या दिवशी खरी पंचाईत झाली. वरचं सगळं निघालं तरी यंत्र गप्प होईना. जांभ्याच्या मातीतच लोखंड! पाय टाकावा तिथं कानात घुंऽऽ. सुभाना बटण पिळून यंत्राचा जोर कमी करायचा. जोर कमी केला की घुमणं थांबायचं, पण यंत्र वितीच्या खालचं काही सांगेना. जोर वाढवला की पुन्हा सगळी जमीन ओरडायची. असे दहा दिवस गेले. चैत्र अर्धा सरला.

मधेच आंबेखोलचे पाटील आले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "सुभाना, यंत्राचं आम्हाला काय कळतंय? तू बोट दावशील तितं नाणी घावतील, ती सोय आमी करतू. तू फकस्त झऱ्याच्या पल्याड बोट दाव."

सुभानानं कानावरचे डबे काढले. "पाटील, रणात मी खोटी जागा दावली असती तर मागनं येणाऱ्याचे पाय गेले असते. तितं खोटं बोललो न्हाई, हितं बी बोलायचो न्हाई."

पाटील पाय आपटत गेले. दुसऱ्या दिवसापासून आंबेखोलचं कुणी सुभानाशी बोलेना. धामणशेतचे तर आधीच बोलत नव्हते. त्यानं मात्र चकती खाली ठेवली नाही.

एके पहाटे तो ओसरीवर डोकं धरून बसला होता. आत हौसा दळत होती. घरात लेकरू पाळण्यात. एकाएकी ती जात्यावरनं उठली आणि पाळण्याकडे गेली. सुभानाला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"ह्या घरघरीत तुला ते कसं ऐकू आलं गं?"

"त्यात काय? जात्याची घरघर माज्या कानाला ठावी हाय. तिच्यापेक्षा येगळं काई वाजलं की कळतंय."

"मग ऐकायला जातं थांबवायला लागत न्हाई?"

"जातं थांबवलं तर पीठ कसं पडंल?"

सुभाना तसाच उठला. शिवेवर गेला. यंत्राचा जोर त्यानं पुरता वाढवला. चकती मातीला टेकवली आणि दुसरं बटण केसाकेसानं फिरवत घुमणं एकसारखं होईपर्यंत थांबला. मग मांडी घालून ऐकत बसला. बसूनच राहिला. ती घरघर कानाला पाठ झाली तेव्हा पाऊलभर सरकला. तिथली माती थोडी वेगळी, पुन्हा बटण, पुन्हा बसणं. दिवसाला बारा हात जमीन, त्याहून जास्त नाही. दोन्ही गावांची माणसं लांबून हसायची. पुढे पुढे हसणंही थांबलं, कारण इतका वेळ हसायला कुणाला सवड होती?

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी तो झऱ्यापाशी पोचला. पाणी जिथून निघतं त्या सपाट दगडाच्या बरोबर मागे तो दुपारभर बसून होता, आणि घरघरीच्या आतून त्याला बारीक आवाज आला. लेकरू कण्हावं तसा. असं म्हणतात, की बॅटरी केव्हाच संपली होती, त्यानं तो आवाज नुसत्या कानांनी ऐकला. असंही म्हणतात, की त्या घटकेला झऱ्याकाठच्या उंबराच्या झाडावरचे पक्षी गप्प झाले.

त्यानं दोन्ही गावांना हाक मारली आणि सगळ्यांदेखत खणायला लावलं. गुडघाभर गेले, काही नाही. कमरेइतकं गेले, काही नाही. धामणशेतचा एक जण कुदळ टाकून म्हणाला, "यंत्र खुळं, मालक त्याहून खुळा." सुभाना म्हणाला, "खणा." पुरुषभर खोलीवर कोळसे लागले. कोळशांखाली मडकं. मडक्याच्या पोटात मधोमध मातीची भिंत, आणि दोन्ही कप्प्यांत सारखीच हिरवी पडलेली तांब्याची नाणी.

 शीव झऱ्याच्या अलीकडेही नव्हती, पलीकडेही नव्हती. ती पाण्याच्या मधून जात होती. वाडवडिलांनी झरा वाटून घेतला होता, आणि नातवंडांनी त्यावरून डोकी फोडली होती. पाटलांनी मान खाली घातली आणि मडकं स्वतःच्या हातांनी परत खड्ड्यात ठेवलं. मामलेदाराचं कुंपण टळलं.

हौसा तिथूनच धावत माहेरी गेली. आई होती. दुसऱ्या दिवशी भावांनी म्हातारीला खाटेसकट झऱ्यावर आणलं. सुभानानं घरचं जातं डोक्यावरून आणून पुरलेल्या मडक्याच्या वर, शिवेच्या दगडाच्या जागी मांडलं होतं. मायलेकी शिवेच्या दोन बाजूंना समोरासमोर बसल्या. म्हातारीच्या अंगात दळायची ताकद नव्हती. तिनं खुंट्यावर नुसता हात ठेवला, आणि लेकीनं दोघींचं दळण दळलं.

सुभाना जाऊन कैक वर्षं झाली. ते यंत्र कुठे गेलं कुणालाच ठाऊक नाही. पाट्यांतल्या लोखंडाची लोहारानं केलेली कढई तेवढी आहे. पण आजही अक्षय तृतीयेला दोन्ही गावं अनवाणी शिवेवर जमतात, वाटेत दिसेल तो खिळा उचलून पाटीत टाकतात. मग जातं फिरतं, आणि ते फिरतंय तोवर कुणी बोलत नाही. वर्षभराची भांडणं असतील ती त्यानंतर मांडायची. निम्मी कुणी मांडतच नाही.

जात्यावर एका बाजूला शिवेपलीकडून सासरी आलेली लेक बसते. समोरच्या बाजूला तिच्या माहेरची सगळ्यांत थकलेली म्हातारी बसवतात. तिनं दळायचं नसतं. सुभानाच्या नावानं तिनं खुंट्यावर फक्त हात ठेवायचा असतो.