ओल्या पोत्याची परीक्षा

एकदा एक हिरड्याचा व्यापारी घाटमाथ्यावरच्या एका गॅरेजात आपली जीप घेऊन आला आणि खाली उतरल्या उतरल्या दोन्ही कानांवर हात ठेवून उभा राहिला. जीप डिझेलची होती, चारही चाकांना जोर असलेली. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे दगडधोंडे तुडवत ती वाड्यावस्त्यांवर जाई आणि हिरड्याची पोती भरून आणी. कामाला वाघ! पण आत बसलं की तिचा असा काही गडगडाट होई, की शेजारच्या माणसाला वेळ विचारायची तरी घसा खरवडून ओरडावं लागे.

त्या गॅरेजचा धनी एक म्हातारा होता. सगळा घाट त्याला वस्ताद म्हणे. जिभेला तिखट, पण हाताला देव. त्याच्यापाशी दौलत नावाचा एक शिष्य होता. शिष्य हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. विद्या जिथे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, त्या जागेला मी गुरुकुलच म्हणतो. मग तिथे धूर होमाचा असो की डिझेलचा.

त्या दिवशी वस्ताद नातीच्या बारशाला परगावी गेले होते. गॅरेज शिष्याच्या ताब्यात होतं.

"डोक्याचा पार भुगा झाला रे दौलत," व्यापारी म्हणाला. "इकडून हा सायलेन्सर बोंबलतो, आणि मागे बसून आई. हळू घे, वळणावर भोंगा वाजव, त्या गुरांना जाऊ दे! मला ऐकू येत नाही म्हणून ती आणखी मोठ्यानं बोलते. तू काय वाट्टेल ते कर, पण मला गाडीत शांतता पाहिजे."

त्याची आई सत्तरी ओलांडलेली. सगळे तिला आक्का म्हणत. नवऱ्याच्या काळापासून ती बाजारपेठेतल्या दुकानाच्या गादीवर बसत आली होती, आणि मुलाने कितीही सांगितलं तरी घरी बसायला तयार नव्हती. त्यामुळे घाट उतरताना आणि चढताना मागच्या सीटवर आक्का असायचीच, आणि आक्का असली की तिचं बोलणंही असायचंच.

शिष्य हुशार होता. वस्तादांच्या पश्चात काहीतरी करून दाखवायची हौसही त्याला होती. (ही हौस वाईट नव्हे, पण ती पायात येते, हे मात्र खरं.) त्याने सीटा काढल्या. तळाच्या पत्र्यावर घोंगडीसारख्या जाड फेल्टचे थर चिकटवले, त्यावर रबराची मॅट घातली. दारांच्या कडांना, काचांच्या खाचांना नव्या रबरी पट्ट्या बसवल्या. जिथे म्हणून फट दिसली तिथे ती बुजवली. इंजिन चालू करून आत बसला, तर काय! गडगडाट लांब कुठेतरी डोंगरापलीकडे गेल्यासारखा वाटला. स्वतःवरच खूश होऊन त्याने गाडी पुसून लख्ख केली आणि व्यापाऱ्याच्या हवाली केली.

आठवडा गेला. बारशाहून वस्ताद परतले ते एसटीतून उतरून, पिशवी खांद्याला लावून, थेट गॅरेजातच आले. इतक्यात व्यापाऱ्याची जीप दारात येऊन थांबली. व्यापारी हातात पेढ्यांचा पुडा घेऊन उतरला. इंजिन त्याने मुद्दाम चालूच ठेवलं होतं.

"वस्ताद, आत डोकावून ऐका! काही ऐकू येतंय? अहो, तुमच्या पठ्ठ्यानं कमाल केली!" पुडा सोडून वस्तादांच्या हातावर पेढा ठेवत तो म्हणाला. "आणि गंमत ऐका. आवाज गेला तशी आईची कटकटही गेली. पहिलं वळण येईस्तोवर ती झोपते. आठ दिवस झाले, एका शब्दानं बोलली नाही. आत्तासुद्धा बघा ना, मागे गाढ झोपलीय."

शिष्याने मान खाली घालून हसू लपवलं. गुरूने पाठ थोपटावी म्हणून तो दोन पावलं पुढेही आला.

वस्तादांच्या हातातला पेढा खाली पडला.

"इंजिन चालू, आणि आई आत?" एवढंच ते बोलले. पिशवी टाकून म्हातारा जो धावला, तो त्या वयात कुणी धावू नये असा. मागचं दार त्यांनी हिसडा देऊन उघडलं, आक्काच्या काखेत हात घातले आणि तिला बाहेर ओढलं. हळुवारपणे नव्हे हो, पोतं ओढावं तसं! तिचा पदर दाराच्या कडीत अडकून फाटला. एक चप्पल आत राहिली.

"अहो! अहो वस्ताद, डोकं फिरलं का तुमचं?" व्यापारी ओरडला. "माझी आई आहे ती! हात सोडा आधी!"

चहाच्या टपरीवरची माणसं उठून आली. एका सभ्य बाईला भर रस्त्यात कुणी असं ओढावं, हे बघून सगळे अवाक झाले. कुणीतरी वस्तादांचा हातही धरला. तो झिडकारून त्यांनी आक्काला चिंचेखालच्या बाजेवर आडवं केलं आणि समोरच्या सरकारी दवाखान्याकडे तोंड करून बेंबीच्या देठापासून हाक मारली, "डॉक्टरबाई! पळा! श्वासाचं नळकांडं घेऊन या!"

आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. एवढी ओढाताण झाली, पदर फाटला, गलका झाला, तरी आक्का जागी झाली नव्हती.

व्यापाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आई," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "आई! ए आई, ऊठ ना गं!" म्हातारीची मान एका बाजूला कलली. डॉक्टरबाई धावत आल्या, तिच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला, नाडी धरली. 

बऱ्याच वेळाने आक्काचे ओठ हलले. तिला उलटी झाली. डॉक्टरबाईंनी निःश्वास सोडला आणि म्हणाल्या, "आली शुद्धीवर. हलवू नका. जिल्ह्याच्या दवाखान्यातली गाडी बोलावते."

माणसाचा स्वभाव किती विचित्र पाहा. जीव वाचला हे कळताक्षणी व्यापाऱ्याच्या भीतीचा राग झाला. "उन्हानं चक्कर आली असेल तिला! सकाळपासून उपाशी आहे. त्यात गाडीचा काय संबंध? गाडी तर आता कुठे चांगली झाली!"

 जीप अजून चालूच होती. ते शिष्याकडे वळले. "दौलत, एक पोतं ओलं करून आण. चिंब."

शिष्याने आणलं. वस्तादांनी जीपच्या मागे उकिडवं बसून ते ओलं पोतं सायलेन्सरच्या तोंडात कोंबलं. आणखी कोंबलं, आणि वरून पायाने दाबून धरलं.

"आता गाडी माराल!" व्यापारी म्हणाला.

"मरायला हवी," वस्ताद म्हणाले. "ह्या इंजिनाला धूर सोडायला हे एकच तोंड. ते बंद केलं की गुदमरून ते बंद पडायला हवं. बघू या."

सगळे बघत राहिले. इंजिन जरा कण्हलं, जरा अडखळलं, आणि चालू राहिलं. छान, निवांत, चालू राहिलं.

शिष्याला पहिल्यांदा कळलं.  "वस्ताद," तो चाचरत म्हणाला, "तोंड बंद आहे, मग... मग धूर जातोय कुठं?"

"ते तू सांग," वस्ताद म्हणाले. "आत तूच सगळं केलंयस."

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. दारं सताड उघडली, मागची सीट उपटली, सुरी घेतली, आणि शिष्याने जीव लावून चिकटवलेलं ते नवंकोरं फेल्ट टराटरा फाडलं. खालच्या बाजूने ते काळं पडलं होतं. त्याखाली पत्रा गंजून त्याला तळहाताएवढं भोक पडलं होतं, शिष्याने बघूनही फेल्टने नुसतं झाकलेलं, आणि भोकाच्या बरोबर खाली, जिथे धुराचा नळ दुसऱ्या नळाला जोडलेला असतो, तिथलं पॅकिंग जळून गेलं होतं. सांधा उघडा. इंजिनाचा सगळा आवाज तिथूनच वर येत होता, आणि आवाजाबरोबर धूरही. फेल्टने आवाज अडवला. धूर मात्र, काजळी तेवढी खाली ठेवून, त्यातून वर झिरपत राहिला. आधी तो दारांच्या फटींतून निघून तरी जायचा. आता त्याला वाट उरली नव्हती.

"पण मग मला कसं काही झालं नाही?" व्यापाऱ्याने विचारलं. आवाजात आता राग नव्हता.

"तुमच्या बाजूची काच बघा, शेठ."

व्यापाऱ्याने पाहिलं. त्याला पानाची सवय. पिंक टाकायला त्याची काच कायम चार बोटं उघडी असे. आईला वारं सोसत नाही म्हणून तिच्या बाजूच्या काचा त्यानेच, आपल्या हाताने, रोज घट्ट लावून घेतल्या होत्या.

त्याने मागची काच खाली केली. "ती घरी गेल्यावर डोकं धरून बसायची," तो म्हणाला. "दोनदा ओकली. मी म्हटलं, वय झालं. गाडीत गप्प असायची, मी म्हटलं..." 

"काय वाटलं तुम्हाला, ती गप्प झाली तेव्हा?" वस्तादांनी विचारलं.

"बरं वाटलं," व्यापारी म्हणाला, आणि ओंजळीत तोंड लपवून ढसाढसा रडला.

गॅरेजच्या पायरीवर बसलेल्या शिष्याची स्थिती त्याहून वाईट होती. "वस्ताद, मला आवाज बंद करायला सांगितलं होतं. मी तेवढंच केलं हो."

आता वस्ताद ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. एरवी पाना हातातून निसटला तरी ते शिष्याचा उद्धार करीत. पण ते त्याच्याशेजारी पायरीवर बसले आणि हळू बोलले.

"बाळा, दारातलं कुत्रं भुंकायला लागलं तर माणूस आधी दाराकडं बघतो. तू कुत्र्याच्या तोंडाला फडकं बांधलंस, चोर आत होता तसाच राहू दिलास, आणि वरून कडी लावलीस. ही गाडी महिनोन्महिने ओरडून सांगत होती, की माझा सांधा सुटलाय, आत माणसं आहेत, बघा कुणीतरी. तिचं बोलणं त्रासाचं होतं, खरंय. पण त्रास होतो म्हणून ते खोटं होत नाही. आवाज कमी करायची विद्या मी तुला शिकवली, ती चुकीची नाही. फक्त आवाज कुठून येतो ते आधी विचारायचं असतं. आणि शेठ, हे गाडीपुरतंच सांगतोय असं समजू नका."

जिल्ह्याच्या दवाखान्याची गाडी आली आणि व्यापारी आईबरोबर गेला, तेव्हा शिष्याने डोळे पुसले आणि जीपखाली शिरला.

त्याने जुना सायलेन्सर उतरवला, नवा चढवला. सांध्यात नवं पॅकिंग घालून बोल्ट आवळले. नळाला एक चीरही सापडली, ती वेल्डिंगने बुजवली. नळ पत्र्याला घासून थरथरत होता, तो रबराच्या कड्यांवर टांगला. तळाचा गंज खरवडून भोकावर पत्र्याचं ठिगळ जोडलं. मग कुणी न सांगता त्याने पोतं भिजवलं, सायलेन्सरच्या तोंडात कोंबलं आणि पाय देऊन उभा राहिला. इंजिन धापा टाकू लागलं, हादरलं, आणि गपकन बंद पडलं. गाडी बंद पडली म्हणून गॅरेजात कुणाला आनंद झाल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. टपरीवाल्यानेसुद्धा टाळ्या पिटल्या.

"आता फेल्ट घाल," वस्ताद म्हणाले.

शिष्य दचकला. "पुन्हा फेल्ट?"

"घाल की! त्याचा काय दोष? त्याची पाळी शेवटची होती, तू त्याला पहिल्या पंगतीला बसवलंस."

आक्का पुष्कळ दिवस दवाखान्यात होती. तोवर व्यापाऱ्याने जीप नेली नाही. ती घरी आल्यावर मात्र दोघं मिळून गॅरेजात आले. आक्काने जीपभोवती एक फेरी मारली, वस्तादांना हात जोडले आणि म्हणाली, "वस्ताद, जीव वाचवलात, उपकार झाले. पण माझं लुगडं फाडलंत, ते इरकली होतं."

"दुसरं घेऊन देतो, आक्का," वस्ताद म्हणाले. सगळे हसले. दौलत तेवढा हसला नाही. त्याने आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तिने ते जरा वेळ ठेवू दिलं.

मग ती मागे न बसता मुलाशेजारी पुढे बसली. जीप निघाली. आत आता इतका कमी आवाज होता की कुजबूजसुद्धा ऐकू यावी. पण आक्काने कुजबुजायचं कारण नव्हतं. गुरं आहेत, हळू घे. भोंगा कोण वाजवणार, मी? पान खाऊन दात बघ काय केलेत! व्यापारी एकेक बोलणं प्रसाद घ्यावा तसं घेत होता.

तिसऱ्या वळणावर ती गप्प झाली.

व्यापाऱ्याने करकचून ब्रेक मारला. गाडी घाटाच्या कडेला थांबली. "आई?" त्याने तिचा खांदा हलवला. "आई, बोल ना. का बोलत नाहीस?"

आक्काने दरीवरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.  मग पदराने त्याचा घामेजलेला चेहरा पुसत म्हणाली, "आहे रे, आहे. चल आता. आणि वळणावर भोंगा वाजव."