सहा खणांची पेटी

एका गावात एक पेटीकार होता. ज्या दिवशी त्याच्याकडे बातमी आली, तो दिवस बाकीच्या दिवसांसारखाच उजाडला होता. अंगणात त्याची बायको कुरडया घालत होती. ओसरीवर पेटीकार एका फणेरपेटीच्या, म्हणजे फणी-कुंकवाच्या पेटीच्या, झाकणाला लाखेचा शेवटचा हात देत होता. मागच्या आळीत कुणीतरी रंधा मारत होतं. त्या गावात घरोघरी पेट्याच होत असत, त्यामुळे रंध्याचा आवाज थांबला तरच लोकांच्या लक्षात यायचा.

नदीपलीकडच्या गावाहून पेटीकाराचा साडू आला. वहाणा न काढता तो पायरीशीच उभा राहिला. पेटीकाराची एकुलती एक मुलगी शेवंता, जिला सगळे शेवू म्हणत, उन्हाळ्यासाठी त्याच्याच घरी, मावशीकडे गेली होती. साडूने सांगितलं की शेवूला ताप आला, उतरला, पुन्हा आला. वैद्य आणला होता. मग खाली बघत तो म्हणाला की सगळं उरकूनच तो निघाला, थांबता येण्यासारखं नव्हतं, ऊन फार होतं.

पेटीकाराने ऐकलं. त्याच्या हातातली चिंधी तेव्हा झाकणाच्या मधोमध होती. लाखेचा हात मध्येच थांबवला तर डाग पडतो. त्याने तो हात कडेपर्यंत नेला, चिंधीची घडी करून वाटीवर ठेवली आणि मग तो उठला. गावात ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं बोलली गेली. कुणी म्हणे, काळीज दगडाचं आहे. कुणी म्हणे, बिचाऱ्याला समजलंच नसेल. त्याला समजलं होतं.

शेवूचं दिवसकार्य झालं. माणसं आली, बसली, गेली. मग एका सकाळी शाळेचे गुरुजी आले. त्यांच्या उपरण्यात शेवूची पेटी गुंडाळलेली होती.

त्या गावच्या शाळेत एक रीत होती. शेवटच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने एक नक्षीची पेटी करायची. आधी पाटीवर रचना काढायची, मग लाकूड कापून जोडायचं, मग हवं तसं सजवायचं. झालेल्या पेट्या शाळेच्या फळीवर मांडत आणि वर्ष संपलं की मुलं त्या घरी नेत. शेवूने आपली पेटी नेली नव्हती. गुरुजींनी दोनदा आठवण करून दिली, तेव्हा नेते म्हणाली आणि तशीच मावशीकडे गेली.

गुरुजी गेल्यावर शेवूच्या आईने पेटी उघडली. आत सारख्या मापाचे सहा खण होते, स्वच्छ आणि रिकामे. एकाही खणात कधी काही ठेवलेलं दिसत नव्हतं. तिने प्रत्येक खणात बोट फिरवलं आणि नवऱ्याला विचारलं, "यात ती काय ठेवणार होती?"

पेटीकाराने पेटी आपल्याकडे ओढली आणि झाकण मिटलं.

"तुम्हाला सांगितलं असेल ना तिने? पेट्यांचं सगळं तुम्हालाच सांगायची."

पेटीकाराला ते माहीत नव्हतं. खरं तर हा प्रश्न त्याच्या धंद्यातला पहिला प्रश्न होता. त्या गावात कुणीही लाकडाला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाला हेच विचारी, यात काय ठेवणार? पान ठेवायचं असेल तर लाकूड वेगळं, दागिना ठेवायचा असेल तर बिजागरी वेगळी. आणि हा पेटीकार तर या बाबतीत फारच कडक. एकदा एक मोठा माणूस लग्नासाठी पेटी सांगायला आला आणि म्हणाला, काहीही ठेवू हो, तुम्ही करा तर खरी. पेटीकार म्हणाला, काहीही ठेवायचं तर बाजारातून टोपली घ्या. आणि त्याने त्या माणसाला चहासुद्धा न विचारता परत पाठवलं होतं.

असा तो पेटीकार. आता बायकोपुढे मान खाली घालून बसला आणि त्याला दिवाळीनंतरचे दिवस आठवू लागले.

शेवूने पाटीवर आपल्या पेटीची रचना काढून आणली होती. त्यात सहा खण होते आणि एकासारखा एक नव्हता. एक लांबट आणि अगदी अरुंद. एक इतका उथळ की त्यात पिंपळाचं पान ठेवलं तरी वर येईल. एक कोपऱ्यात, तिरका. झाकण एका बाजूला जरासं उंच. पेटीकाराने पाटी डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ धरली.

"ही पेटी आहे की उंदरांची चाळ?"

"असू दे. तुम्ही उंदरांकडून भाडं मागू नका म्हणजे झालं."

"आणि हे झाकण असं का? त्याला टेंगूळ आलंय का?"

"अण्णा, आमच्या गुरुजींनी सांगितलंय, घरच्यांनी नाक खुपसायचं नाही."

पेटीकार हसला आणि त्याने तिला शिवणीच्या लाकडाचे तुकडे काढून दिले. दुसऱ्या दिवशी पाटीवर गणितं आली आणि रचना पुसली गेली. पण ती शेवूच्या डोक्यात होती. तिने ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आपलं दुकान मांडलं. करवत तिच्या हातात वाकडी जाई. चिकटवायचा सरस ओघळे. ती मध्येच उठून आत जाई, कशाचं तरी माप सुताला गाठ मारून घेऊन येई आणि ते सूत लाकडावर ताणून धरी. कधी माजघरातून येई, कधी परसातून, एकदा तर पेटीकार जेवायला बसला असताना त्याच्या हत्यारांच्या फळीकडून आली. तो विचारणार होता. पण तेव्हा त्याच्या पानात आमटी वाढली गेली आणि मग ते मागे पडलं.

पेटी उभी राहिली. सांधे उघडे, एक बाजू दुसरीपेक्षा नखभर उंच. बाहेरून तिने गुंजा आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे चिकटवले होते. त्यात वेल नव्हती की फूल नव्हतं, नुसता लाल-हिरवा गोंधळ. पेटीकाराचा हात दर वेळी शिवशिवे आणि दर वेळी शेवू म्हणे, "अण्णा, हात मागे."

पेट्या मांडायच्या आदल्या दिवशी शेवू आईबरोबर आठवड्याच्या बाजाराला गेली. पेटीकार घरी एकटा होता. उद्या सगळं गाव शाळेत येणार, हे त्याला माहीत होतं. येणारा प्रत्येक जण पेटीकार. त्यांची नजर आधी सांध्यावर जाते, मग झाकणावर, आणि मग ती पेटी ज्याच्या घरातून आली त्याच्या तोंडाकडे. शेवूला कुणी हसलं तर, असं त्याच्या मनात आलं. आपल्यालाही हसतील, हेही आलं, पण ते त्याने मनात फार वेळ राहू दिलं नाही.

फक्त एक सांधा बसवावा म्हणून त्याने पेटी उचलली. सांधा बसवताना शेजारची पट्टी निघाली. ती सरळ करायची तर खण हलवावा लागत होता. तिरका खण तर सुतारकामात चूकच. मग त्याने पाणी उकळलं, वाफेवर सरस सोडवला आणि पेटी सगळीच खोलली. एकदा खोलल्यावर हात थांबेना. त्याने पट्ट्या रंधून सारख्या केल्या, सहा खण एका मापाचे केले, झाकणाची उंच बाजू उतरवली. गुंजांची त्याने वेल केली आणि बांगड्यांच्या तुकड्यांची पानं. उरलेले काप, भुसा आणि त्यात पडलेलं ते गाठींचं सूत त्याने सुपात भरून चुलीपाशी नेऊन टाकलं. काम करताना तो गुणगुणत होता. आपण मुलीसाठी काहीतरी करतो आहोत, याचा त्याला फार आनंद झाला होता.

शेवू बाजारातून आली. तिच्या हातात काकडी होती, ती खायची थांबली. तिने पेटी उघडली, खण पाहिले, मिटली.

"छान झालीय, अण्णा."

"बघ, नंबर येतो की नाही."

शेवूने पेटी पुन्हा उघडली. "आता मावायचं नाही," ती म्हणाली. ती कुणाला सांगत नव्हती, स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. पेटीकाराने ते ऐकलं. तेव्हाही तो विचारू शकला असता. पण त्याची पाठ दुखत होती, हात सरसाने चिकटले होते, आणि त्याला वाटलं, पोरीची हौस, आणखी एखादी मोठी पेटी करून देऊ.

दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या पेट्या मांडल्या होत्या. गुरुजींनी शेवूची पेटी उचलली, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि दारात उभ्या असलेल्या पेटीकाराकडे एकदा पाहिलं. त्या गावात कुणाचा रंधा कसा चालतो हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"शेवंता, ही तू केलीस?"

शेवूने दाराकडे पाहिलं. तिथे तिचे अण्णा उभे होते, नवं पागोटं घालून. मग ती म्हणाली, "हो, गुरुजी."

तिला पहिला नंबर आणि नवी पाटी मिळाली. परत येताना एक शेजारी पेटीकाराला म्हणाला, "पोर अगदी तुमच्यासारखीच रंधते हो, डाव्या अंगाला झुकून." बाकीचे हसले. शेवू पुढे चालत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर ओसरीवरचं तिचं दुकान पुन्हा मांडलं गेलं नाही. ती अण्णांशी बोलायची, हसायची, भाकरी वाढायची. फक्त लाकूड मागायची नाही.

हे सगळं पेटीकाराने बायकोला सांगितलं. ती बाजारातून आली तेव्हा पेटी बदललेली तिनेही पाहिली होती, पण बापलेकीने मिळून केली असेल असं तिला वाटलं होतं. आता तिने सगळं ऐकून घेतलं. पेटी तिने देवाजवळच्या कोनाड्यात ठेवली आणि ती निजायला गेली, तेव्हा दुपारच होती.

पेटीकाराने ठरवलं, शेवूची पेटी होती तशी परत करायची. त्याला लाकूड आठवत होतं, सरसाचे ओघळ आठवत होते, उंच झाकणसुद्धा आठवत होतं. मापं आठवत नव्हती. जन्मभर ज्याने नुसत्या नजरेने माप घेतलं, त्याने आपल्या मुलीच्या खणांकडे कधी मापाच्या नजरेने पाहिलंच नव्हतं. त्या त्याला चुका वाटल्या होत्या आणि चुकीचं माप कोण लक्षात ठेवतं?

त्याने अंदाजाने एक पेटी केली. मग दुसरी. मग तो घरातल्या वस्तू एकेक करून खणांत ठेवून बघू लागला. लांबट खणात बायकोचं लाटणं जाईना, पण आजीच्या वेळची सुरमादाणीची काडी गेली. तिथेच मोरपीस गेलं, त्याची जुनी कानसही गेली. उथळ खणात कवड्या राहिल्या, टिकल्या राहिल्या, वाळलेलं फूल राहिलं. त्याची बायको सुरुवातीला वस्तू आणून देई. दोघं खाली बसून ठेवून बघत, काढत. मग एक दिवस ती म्हणाली, "अहो, सगळंच कशात ना कशात बसतंय." त्यानंतर तिने वस्तू आणणं सोडलं. तिचं खरं होतं. सगळंच बसत होतं, आणि म्हणून कशालाच अर्थ नव्हता.

शेवटी तो समोरच्या घरातल्या, शेवूच्या वर्गातल्या मुलीकडे गेला. ती दारात शेंगा निवडत होती. त्याला बघून ती घाबरून उभी राहिली. त्याने विचारलं, शेवूने तुला कधी सांगितलं होतं का, त्या पेटीत काय ठेवणार ते?

मुलगी म्हणाली, "मी विचारलं होतं, काका. पण ती म्हणाली, आधी अण्णांना सांगणार. मी म्हटलं, मग सांग की. तर म्हणाली, ते विचारतील तेव्हा. ते सगळ्यांना विचारतात."

पेटीकार तसाच परत आला. वाटेत त्याला दोघांनी हाक मारली, त्याने ओ दिली नाही.

तो धंदा करत राहिला, कारण पोटाला लागतंच. गिऱ्हाइकं येत. पण आता काय ठेवणार, हे तो विचारत नसे. तो प्रश्न निघाला की बायको उठून आत जाई, आणि त्याच्याही तोंडून तो नीट निघत नसे. लोक आपणहून सांगत, तो मान हलवी. पेट्या पूर्वीसारख्याच सुबक होत. गावातले लोक म्हणत, माणूस सावरला बरं का. माणूस सावरला नव्हता. घरात शेवूचा आवाज नव्हता आणि तो नसण्याची सवय होत नव्हती. दिवाळी आली, गेली. शाळेत नव्या मुलांच्या पेट्या मांडल्या गेल्या, तेव्हा तो गेला नाही. त्या दिवशी तो परसात लाकडं फोडत बसला, घरात लाकडं पुष्कळ होती तरी.

ही गोष्ट त्या गावात अजून सांगतात. गुरुजी सांगतात तेव्हा मुलं म्हणतात, दुसऱ्याचं काम आपण करू नये, हे यातून शिकायचं. गुरुजी म्हणतात, तेही बरोबर आहे. आयांना मात्र ही गोष्ट आवडत नाही. त्या मध्येच उठून कामाला लागतात.

तात्पर्य: मूल काही करत असेल, तर ते नीट करून देण्याआधी ते कशासाठी करतंय, एवढं विचारावं. पेटीकाराचं ते विचारायचं राहून गेलं.