पैठण गेटपर्यंत

“बाबा, अजून किती दरवाजे दाखवणार आहात?”

भडकल गेटच्या कमानीखाली उभं राहून धारूरकर मास्तर रुमालानं मान पुसत होते. हैदरबाबा फकीर मागून रमतगमत येत होते.

“का? कंटाळलात?”

“कंटाळलो म्हणजे... अहो, किल्ले झाले, लेणी झाली, देवळं झाली. आमची ही, शालन, गेल्यापासून घरात पाय ठरत नाही. कुठंही गेलो तरी बघवत नाही काही. तुमच्याकडं उपाय मागायला आलो, तर तुम्ही गाव दाखवायला निघालात!”

“चला, चला,” बाबा म्हणाले. “गुलमंडीवरून पैठण गेटला जाऊ.”

मास्तर निघाले, ते नेहमीसारखे पुढं. मुख्याध्यापक होते ना! शाळेच्या सहलीत पुढं, वरातीत पुढं, बायकोसोबत फिरायला गेले तरी चार पावलं पुढंच. चौक आला की थांबायचं, मागं वळायचं आणि कपाळाला आठ्या घालायच्या. जन्मभराची खोड ती, आता कुठली जायला!

गुलमंडीच्या चौकात ते थांबले. मागं वळून पाहिलं.

“कोणाला शोधताय?” बाबांनी गाठून विचारलं.

“तुम्हालाच.”

“मी तर तुमच्या बाजूला आहे, मास्तर. तुम्ही माझ्या मागं बघताय.”

मास्तरांनी नजर दुकानांकडं वळवली.

थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, “तिला दुकानं बघत चालायची सवय. बांगड्यांचं दुकान दिसलं की संपलंच. मी पुढून ओरडायचो.”

“मग?”

“मग यायची धावत. दम लागायचा तिला. शेवटी शेवटी फारच लागायचा... मला वाटायचं, मुद्दाम रेंगाळते.”

बाबांनी मान हलवली. दोघं पुन्हा चालू लागले. मास्तर पुन्हा पुढं.

ऊन चढलं होतं. हातगाड्या, रिक्षा, पिशव्या घेतलेल्या बाया, सगळ्यांतून वाट काढत मास्तर पैठण गेटशी पोचले. कमानीच्या सावलीत थांबले, मागं वळले.

बाबा आलेच नव्हते. लांब, एका बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर ते खुशाल बसले होते.

“अहो बाबा! चला ना लवकर!”

बाबा हलले नाहीत.

“उशीर होतोय! किती वेळ ताटकळत उभं राहायचं माणसानं?”

बाबा आतल्या काचेच्या बांगड्या बघत राहिले.

मास्तरांचं डोकं फिरलं. पाय दुखत होते, घसा कोरडा पडला होता, आणि हा माणूस ढिम्म! ते तरातरा उलट्या वाटेनं निघाले. काय काय सुनावायचं ते ओठांवर तयार होतं.

अर्ध्या वाटेत पाय आपोआप मंदावले.

दुकानाशी आले तेव्हा तोंडून भलतंच निघालं. आवाजही बारीक झाला होता.

“दमलात का?”

हा प्रश्न त्यांनी आजवर कोणालाच विचारला नव्हता. डोळे भरून आले. भर बाजारात रडू फुटेल म्हणून ते पायरीवर बसले. बाबांनी सरकून जागा केली.



मग बाबांनी पैठण गेटकडं पाहिलं, आणि पुन्हा मास्तरांकडं.

“एवढंच तर अंतर होतं, मास्तर.”